लग्नाचे फोटो आणि न्यू जर्सीचं घड्याळ: फायलींच्या वेळा जुळवायच्या कशा

नवरीचा फोन आला तेव्हा मी दुसऱ्याच एका अल्बमच्या पानांवर होते. "ताई, आजी गेली हो. लग्नाच्या दिवशीचा तिचा सगळ्यात शेवटचा फोटो कुठला, तेवढं बघून सांगाल का? तोच मोठा करून लावायचाय." तीन आठवड्यांपूर्वी, १७ डिसेंबर २०२३ ला, तिचं लग्न आम्ही मिरजेतच शूट केलं होतं. मी म्हटलं, पाच मिनिटांत सांगते.

सगळे फोल्डर एकत्र केले, तारखेप्रमाणे लावले. सगळ्यात शेवटी आली एक व्हिडिओ क्लिप. विहिणीची पंगत, आजी खुर्चीत बसून जिलेबीचा तुकडा मोडतेय. वेळ संध्याकाळी ७:४०. फोन उचलला आणि हात थांबला. पंगत तर दुपारची, आणि सातला आम्ही हॉल रिकामा करून दिला होता. मग पहिल्यापासून एकेक फोटो बघत खाली आले. सकाळी ६:३१ च्या फोटोंत, म्हणजे हळदीच्याही आधी, आजी दारात उभी, नातीचा चेहरा दोन्ही हातांत धरलेला. आणि नातीच्या गळ्यात मंगळसूत्र. हळदीच्या आधी मंगळसूत्र कुठून येणार?

तोच शेवटचा फोटो होता. पाठवणीचा, संध्याकाळी ५:०५ चा. नवरीचा भाऊ न्यू जर्सीहून आला होता, त्याच्या कॅमेऱ्यातला. त्याचा पेन ड्राइव्ह आमच्याकडे नंतर आला आणि मी तो तसाच फोल्डरमध्ये टाकून ठेवला होता. मंगळसूत्राकडे लक्ष गेलं नसतं तर मी त्या मुलीला चुकीचा फोटो दिला असता, आणि तिच्या घरात तो कायमचा भिंतीवर लागला असता.

आमच्या स्टुडिओत हे शूटिंगला जातात आणि कार्डं खाली करणं, सिलेक्शन, अल्बम, व्हिडिओ एडिटिंग हे माझ्याकडे. त्या दिवसानंतर मी वेळा जुळवायची एक पद्धत बसवली. माझ्यासारखं काम करणाऱ्यांसाठी ती इथे लिहितेय, आणि ज्यांच्या घरातलं कुणी अमेरिकेत, लंडनला किंवा दुबईला आहे त्यांच्यासाठीही. आता असं घर कुठलं नाही?

क्षण आणि काटे

आधी एक फरक डोक्यात पक्का बसू दे, मग पुढचं सोपं आहे. फाइलमध्ये वेळ दोन तऱ्हांनी लिहिलेली असते. काही ठिकाणी क्षण लिहिलेला असतो, काही ठिकाणी नुसते घड्याळाचे काटे.

मिरजेतली आई न्यू जर्सीतल्या मुलाशी फोनवर बोलतेय असं समजा. दोघांचं "आत्ता" एकच आहे. तो झाला क्षण. पण आईच्या भिंतीवर रात्रीचे साडेआठ आणि मुलाच्या मनगटावर सकाळचे दहा. ते झाले काटे. काटे लिहिले आणि गाव लिहिलं नाही, तर नंतर वाचणाऱ्याला क्षण सापडत नाही.

कॉम्प्युटर क्षण लिहितो तो यूटीसीत. शाळेत आपण ग्रीनविचची वेळ म्हणून शिकलो, व्यवहारात तीच. विंडोजच्या डिस्कवर, म्हणजे एनटीएफएस या फॉरमॅटच्या डिस्कवर, प्रत्येक फाइलची वेळ १ जानेवारी १६०१ पासून किती काळ गेला अशी मोजलेली असते, तीही यूटीसीत. लिनक्स आणि अँड्रॉइडवाले १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजतात. या आकड्यांत देश नाही, गाव नाही. आपण फोल्डर उघडतो तेव्हा कॉम्प्युटर त्यात आपल्या टाइम झोनचे साडेपाच तास मिळवतो आणि आपल्याला मिरजेची वेळ दाखवतो. तोच कॉम्प्युटर न्यूयॉर्कच्या वेळेवर ठेवला तर तीच फाइल दुसरी वेळ दाखवेल. फाइल बदललेली नसते, नुसतं दाखवणं बदलतं.

काटे लिहिणाऱ्यांत पहिला नंबर कॅमेऱ्याचा. फोटोच्या आत जी माहिती असते, जिला आपण एक्झिफ म्हणतो, तिच्यात फोटो काढल्याची वेळ कॅमेऱ्याच्या घड्याळात जी होती तीच उतरवलेली असते. टाइम झोन लिहायला वेगळी जागा २०१६ साली एक्झिफच्या २.३१ आवृत्तीत आली. हल्लीचे फोन ती भरतात. आमच्याकडे भाड्याने फिरणारे जुने कॅमेरे ती कोरी सोडतात.

दुसरं, ३२ जीबीपर्यंतची मेमरी कार्डं आणि बरेच जुने पेन ड्राइव्ह. त्यांच्यावर फॅट ३२ हा जुना फॉरमॅट असतो आणि तोही काटेच लिहितो. तेही सेकंदाला सेकंद नाही, दोन-दोन सेकंदांच्या पायरीने. त्याहून मोठ्या कार्डांवर एक्सफॅट असतं. त्यात काट्यांसोबत यूटीसीपासूनचा फरक लिहायची सोय आहे, पंधरा-पंधरा मिनिटांच्या मापात. त्यामुळे आपले साडेपाच तासही बसतात आणि नेपाळचे पावणेसहाही.

हे नुसतं वाचून सोडू नका, एकदा हाताने करून बघा. एक साधी टेक्स्ट फाइल बनवा. तिची एक कॉपी सी ड्राइव्हवर आणि एक फॅट ३२ च्या पेन ड्राइव्हवर ठेवा. दोन्हींची डेट मॉडिफाइड कागदावर लिहा. आता विंडोजच्या सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, त्यात डेट अँड टाइम. टाइम झोन आपोआप बदलण्याचं बटण बंद करा आणि यादीतून मुंबई, कोलकाता, चेन्नई, नवी दिल्ली लिहिलेल्या ओळीऐवजी न्यूयॉर्कची म्हणजे ईस्टर्न टाइमची ओळ निवडा. पेन ड्राइव्ह नीट इजेक्ट करून परत लावा. हे विसरू नका, कारण विंडोज आधी वाचलेली वेळ लक्षात ठेवून तीच दाखवू शकतं. मग दोन्ही फायली बघा. सी ड्राइव्हवरची साडेनऊ किंवा साडेदहा तास मागे गेलेली दिसेल, पेन ड्राइव्हवरची जागची हलणार नाही. एकीने क्षण लिहिला होता, दुसरीने काटे. बघून झालं की टाइम झोन परत आपला करून ठेवा.

तीन तारखा, तीन अर्थ

विंडोजमध्ये फोटोवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडलं की तीन तारखा दिसतात, आणि नवी मुलं कामाला येतात ती इथेच गडबडतात.

डेट क्रिएटेड म्हणजे ही फाइल या डिस्कवर कधी आली. फोटो कधी काढला याच्याशी तिचा संबंध नाही. कार्ड खाली केलं मंगळवारी, तर लग्न रविवारचं असलं तरी तिथे मंगळवारच येणार. म्हणून कॉपी मारलेल्या फाइलची क्रिएटेडची तारीख मॉडिफाइडच्या नंतरची दिसते. ते बिघडलेलं नाही, तसंच असतं.

डेट मॉडिफाइड म्हणजे आतला मजकूर शेवटचा कधी बदलला. साधी कॉपी केली तर ती टिकते, पण कुणी फोटो फिरवून सेव्ह केला की गेली.

डेट टेकन ही एक्झिफमधली. कॅमेऱ्याने लिहिलेले काटे. आपल्या कामाची हीच. ती डिटेल्सच्या टॅबमध्ये सापडते. ती फाइलच्या पोटात असते, त्यामुळे डिस्क बदलली, कॉम्प्युटर बदलला, टाइम झोन बदलला तरी तिला काही होत नाही. म्हणूनच ती चुकली असेल तर आपोआप कधी सुधारतही नाही. मी एकदा कॉम्प्युटरचाच टाइम झोन न्यूयॉर्क करून वेळा जुळवायचा प्रयत्न केला होता. एक अख्खी संध्याकाळ गेली आणि डेट टेकन होती तिथेच.

व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोत डेट टेकन शोधू नका, पाठवताना ती निघून जाते. नातेवाइकांना सांगा, फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मूळ फाइल जशीच्या तशी येते.

फरकावरून रोग ओळखायचा

आता मुद्द्याचं काम. कुठल्या कॅमेऱ्याचं घड्याळ किती चुकलंय, ते शोधायचं. बरेचदा नुसत्या आकड्यावरूनच कारण कळतं.

बरोबर साडेपाच तासांचा फरक दिसला तर कुठेतरी यूटीसी आणि आपली वेळ यांची गल्लत झालीय. आजीच्या जिलेबीची क्लिप हेच होती. एमपी४ व्हिडिओत वेळ यूटीसीत लिहायची असा नियम आहे, मोजणी १९०४ सालापासून. फोन तो नियम पाळतात. पण बरेच कॅमेरे यूटीसीच्या जागेवर आपले काटेच टाकून देतात. पंगत दुपारी २:१० ची. कॅमेऱ्याने २:१० लिहिलं. विंडोजला वाटलं हे यूटीसी, त्याने साडेपाच तास मिळवले आणि मीडिया क्रिएटेड या रकान्यात दाखवलं ७:४०. उलटही होतं. फोनच्या व्हिडिओतलं यूटीसी एखादं सॉफ्टवेअर न बदलता तसंच दाखवतं, मग दुपारी १२:५१ चा मुहूर्त सकाळी ७:२१ ला लागलेला दिसतो. काही फोन व्हिडिओत रेकॉर्डिंग संपल्याची वेळ लिहितात हेही ध्यानात ठेवा. वीस मिनिटांच्या क्लिपला वीस मिनिटांचा फरक पडतो.

अकरा तासांचा फरक म्हणजे साडेपाच तासांची दुरुस्ती गरज नसताना दोनदा झाली, किंवा गरज असताना उलट्या दिशेने झाली. बारा तासांचा म्हणजे कॅमेऱ्यात एएम-पीएम चुकलं. दीड तास म्हणजे दुबईचं घड्याळ, अडीच तास सिंगापूरचं, साडेतीन तास जपानचं. ही तिन्ही गावं वर्षभर एकाच वेळेवर चालतात.

अमेरिका, लंडन, सिडनी यांचं तसं नाही. तिथे उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात. न्यू जर्सी आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ. लंडन हिवाळ्यात साडेपाच, उन्हाळ्यात साडेचार. कॅलिफोर्निया साडेतेरा आणि साडेबारा. सिडनी आपल्या पुढे असतं, साडेचार किंवा साडेपाच तास. अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. युरोपात मार्च आणि ऑक्टोबरचे शेवटचे रविवार. म्हणून मार्चमधल्या लग्नाला जरा जास्त जपून. २०२४ मध्ये अमेरिकेत १० मार्चला घड्याळं बदलली. पाहुणा ७ तारखेला निघाला असेल तर न्यूयॉर्कच्याच वेळेवर ठेवलेल्या त्याच्या फोनने बदल आपोआप केला असेल, पण गळ्यातल्या कॅमेऱ्याला ते कुणी सांगितलं असेल असं नाही. फोनच्या आणि कॅमेऱ्याच्या वेळांत बरोबर एका तासाचा फरक दिसला की हे आठवा.

आणि काही फायलींवर १ जानेवारी १९७०, सकाळी ५:३० अशी वेळ दिसते. लोक घाबरतात. तो वेळेचा शून्य आहे, म्हणजे वेळ लिहिलेलीच नाही. ग्रीनविचला मध्यरात्र तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. हीच फाइल न्यू जर्सीत उघडली तर ३१ डिसेंबर १९६९ ची संध्याकाळ दिसेल. १ जानेवारी १९८० दिसलं तर तो फॅटचा शून्य.

आपल्याकडे घड्याळं अशी ऋतूप्रमाणे पुढेमागे करत नाहीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मात्र ती एक तास पुढे होती. आणि मुंबईची तर स्वतःची वेळ होती, ग्रीनविचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, म्हणजे आत्ताच्या वेळेच्या ३९ मिनिटं मागे. ती मुंबईत १९५५ पर्यंत चालली. स्कॅनिंगला येणाऱ्या जुन्या फोटोंच्या मागे कुणी "मुं. टा." असं काही लिहिलेलं असलं तर मी आता ते तसंच टिपून ठेवते, बदलत नाही.

अंतरपाटाची खूण

न्यू जर्सीच्या भावाच्या कॅमेऱ्याला साडेदहा तास मिळवले की झालं, असं मला वाटलं होतं. मिळवले आणि मुहूर्ताचे फोटो शेजारी ठेवले. जुळेनात. तीन-साडेतीन मिनिटं कमीच पडत होती.

कॅमेऱ्यातलं घड्याळ म्हणजे एका छोट्या बॅटरीवरचं साधं घड्याळ. महिन्याला काही सेकंद ते सरकतं आणि वर्षानुवर्षं कुणी जुळवत नाही. म्हणून टाइम झोनचा फरक मनाशी धरून चालायचं नाही, फरक प्रत्यक्ष मोजायचा. मोजायला दोन्ही कॅमेऱ्यांत सापडलेला एकच क्षण लागतो, आणि आपल्या लग्नात तो आयता असतो: अंतरपाट खाली येतो तो.

पत्रिकेवरची मुहूर्ताची वेळ धरू नका. त्या लग्नाची पत्रिका १२:३६ सांगत होती आणि अक्षता पडल्या १२:५१ ला. मामा मुलीला घेऊन यायला उशीर झाला होता. पूर्वी गुरुजी पाण्यावर घटिकापात्र ठेवायचे, ते बुडलं की घटका भरली, चोवीस मिनिटं. आता मंडपात शंभर फोन असतात, त्यांच्यावर भरवसा ठेवा. फोन नेटवर्कवरून वेळ घेतो. शिवाय लोकेशन चालू असेल तर फोटोच्या आत जीपीएसची वेळ वेगळी लिहिलेली असते, आणि ती यूटीसीतच असते. कुठल्याही भांडणात ती साक्षीदार.

नवरीच्या चुलतभावाच्या फोनमध्ये एक फोटो होता. अंतरपाटाचं एक टोक सुटलंय, दुसरं अजून गुरुजींच्या मुठीत आहे, नवरीच्या हातातला हार अर्धा वर उचललेला, आणि पहिल्या अक्षता हवेत. फोनची वेळ १२:५१:०७, जीपीएस ०७:२१:०७. न्यू जर्सीच्या कॅमेऱ्यात तीच मूठ, तोच लोंबणारा पदर, हार तेवढाच उचललेला, आणि वेळ पहाटे ०२:१७:३७. वजाबाकी केली: १० तास ३३ मिनिटं ३० सेकंद. त्यातले साडेदहा तास न्यूयॉर्कचे आणि साडेतीन मिनिटं कॅमेऱ्याच्या आळसाची. पाठवणीला लावून बघितलं, ६:३१:३० मध्ये १०:३३:३० मिळवले की ५:०५. सकाळी ९:१० ची हळद त्या कॅमेऱ्यात आदल्या रात्री १०:३६ ला पडली होती, तीही जागेवर आली. दोन टोकं जुळली की मधलं सगळं जुळतं.

पुढच्या लग्नांना हे शोधत बसायची वेळच आणू नका. आता आमच्याकडे शूट सुरू व्हायच्या आधी फोनवर सेकंदासकट घड्याळ लावतात आणि प्रत्येक कॅमेऱ्याने त्याचा एक फोटो काढायचा. कॅन्डिडवाला, ट्रॅडिशनलवाला, ड्रोनवाला, आणि पाहुण्यांपैकी ज्याच्या गळ्यात कॅमेरा दिसेल तो. त्याला प्रेमाने सांगायचं, "दादा, एक फोटो या फोनचा काढा." दहा सेकंदांचं काम आहे. फोटोत दिसणारी वेळ वजा फोटोची डेट टेकन, हा झाला त्या कॅमेऱ्याचा फरक.

दुरुस्ती

पहिलं, मूळ फायलींना हात लावायचा नाही. त्यांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवून द्या आणि दुसऱ्या प्रतीवर काम करा. दुसरं, प्रत्येक कॅमेऱ्याचा फोल्डर वेगळा. सगळं एकत्र ओतून मग निवडत बसलात तर एखादा फोटो दोनदा सुधारला जातो आणि तो कुठला ते नंतर सापडत नाही.

लाइटरूम हे फोटोंचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर मेटाडेटाच्या मेनूत एडिट कॅप्चर टाइम आहे. तिथे ठराविक तासांनी सरकवण्याचा पर्याय दिसतो. त्यात पूर्ण तासच मिळत असतील तर आपल्या अर्ध्या तासाचं काय करायचं? त्याचा नाद सोडा, पहिला पर्याय घ्या. अंतरपाटाचा फोटो पुढे ठेवून बाकीचे सगळे निवडा आणि त्या एका फोटोची खरी वेळ सेकंदासकट लिहा. त्याला जेवढा फरक पडेल तेवढाच बाकी सगळ्यांना पडतो. डिजिकॅम हे फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यातही वेळ तास-मिनिट-सेकंदाने सरकवता येते. मी स्वतः एक्झिफटूल वापरते. ते टाइप करून चालवावं लागतं, आधी जड जातं, पण हजार फोटोंना एका ओळीत दहा तास तेहेतीस मिनिटं तीस सेकंद मिळवून होतात आणि मूळ फाइलची प्रत ते बाजूला राखून ठेवतं.

एक गोष्ट नवीन कॅमेऱ्यांत सांभाळायची. कॅमेऱ्याने न्यूयॉर्कचे काटे लिहिले आणि सोबत उणे पाच तास, म्हणजे यूटीसीच्या पाच तास मागे, हा टाइम झोनही लिहिला असेल, तर त्याने खोटं काही लिहिलेलं नाही. पहाटे २:२१ उणे पाच म्हणजे आपले दुपारचे १२:५१ च. असे काटे बदललेत तर टाइम झोनही अधिक साडेपाच करा. नाहीतर १२:५१ उणे पाच असं होऊन बसेल, म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे ११:२१.

आणि जो फोटो बरोबर आहे त्याला सुधारू नका. त्याच लग्नात नवरीचे मामा दुबईहून आले होते. त्यांच्या फोनमध्ये विमानतळावरचा चहाचा फोटो होता, पहाटे ३:४० चा, टाइम झोन अधिक चार. इथे उतरल्यावरचे फोटो अधिक साडेपाचचे. मामा दुबईचे म्हणून सरसकट दीड तास मिळवला असता तर इथले सगळे बिघडले असते. चहासुद्धा मी ५:१० चा केला नाही. त्यांनी तो पहाटे पावणेचारला प्यायला, तो तसाच राहू दे. ओळीत लावताना सॉफ्टवेअर टाइम झोन बघत नसेल तर तेवढा एक फोटो हाताने जागेवर ठेवता येतो.

एक्झिफ झाली की मी डेट मॉडिफाइडही त्याच वेळेवर आणते. एक्झिफटूल ते करून देतं. त्या वेळी माझ्या कॉम्प्युटरचा टाइम झोन भारताचा आहे ना, एवढं एकदा बघते, कारण इथे काट्यांचा क्षण होतो आणि तो टाइम झोनवरूनच होतो.

शेवटी नावं. २०२३-१२-१७_१२-५१-०७ अशी, अर्थात इंग्रजी अंकांत. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, म्हणजे नावाप्रमाणे लावलं तरी वेळेप्रमाणे लागतं. वेळेत कोलन चालत नाही, विंडोज घेत नाही, म्हणून आडवी रेघ. पुढे कॅमेऱ्याचं एक अक्षर. परदेशातले फोटो मिसळलेले असतील तर नावाच्या टोकाला +०५३० किंवा +०४०० असंही घालते.

काही बारीक गोष्टी. जुन्या पद्धतीच्या झिप फाइलमध्ये फक्त काटे जातात. तिकडून झिप करून पाठवलं की इथे उघडल्यावर डेट मॉडिफाइड तिकडच्या घड्याळाची दिसते. एक्झिफ मात्र शाबूत असते. पेन ड्राइव्ह आणि डिस्कची तुलना करून बॅकअप घेणारं सॉफ्टवेअर दोन सेकंदांच्या फरकावरून सगळं परत कॉपी करू लागलं तर त्यात फॅटच्या वेळेसाठी सूट देण्याचा पर्याय असतो, तो चालू करा. एकाच कॉम्प्युटरवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील आणि विंडोजचं घड्याळ अधूनमधून साडेपाच तास मागे जात असेल, तर त्याचं कारण असं: लिनक्सला मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी हवी असते आणि विंडोजला स्थानिक वेळ. दोघांपैकी एकाला दुसऱ्याची रीत शिकवा, नाहीतर त्या काळात सेव्ह केलेल्या प्रत्येक फाइलवर चुकीचा क्षण बसतो.

डेटा देताना मी पेन ड्राइव्हवर एक छोटी टेक्स्ट फाइल ठेवते. कुठल्या कॅमेऱ्याला किती फरक होता, किती मिळवला, कुठला फोटो खूण म्हणून धरला. उद्या कुणाला माझी दुरुस्ती उलटवायची असेल तर उलटवता यावी.

आजीचा फोटो आम्ही मोठा करून दिला. मागे पेन्सिलने लिहिलं: १७ डिसेंबर २०२३, सायंकाळी ५:०५, मिरज. सगळा सुधारलेला डेटा एनटीएफएसच्या पेन ड्राइव्हवर भावालाही पाठवला. आठवड्याने त्याचा फोन. "ताई, आजीचा फोटो माझ्या लॅपटॉपवर परत सकाळचाच दिसतोय. ६:३५." मी विचारलं, कुठल्या रकान्यात? म्हणाला, डेट मॉडिफाइड. म्हटलं, डेट टेकन बघ. तिथे ५:०५ होतं. मग त्याला सांगितलं की हे ६:३५ आधीच्या ६:३१ सारखं नाही. आधीचं चुकलेल्या घड्याळाचं होतं. मिरजेत ५:०५ वाजले त्या क्षणी तुमच्या घरात खरोखरच सकाळचे ६:३५ वाजले होते, तेच लॅपटॉप दाखवतोय.

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बरोबर आहे. बायको बाळाला घेऊन व्हिडिओ कॉलवर होती. बाहेर अजून अंधार होता."